जिला कुठेच प्रवेश नाही

शाळेचा जिना एका पायरीनं चुकला, तेव्हा कुठे साहेबांचे डोळे उघडले.

ते ऑफिस इमारतींचे नकाशे काढायचं. माणसं चौदा, संगणक चौदा, आणि प्रत्येकाच्या संगणकात ज्याचा त्याचा संसार. एकमेकांना काही द्यायचं झालं की पेनड्राइव्ह या टेबलावरून त्या टेबलावर फिरायचा. एकाच जिन्याच्या नकाशाची फाइल 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरंच फायनल' आणि 'हीच घ्या' अशा चार नावांनी चार ठिकाणी नांदत होती. गवंड्यांच्या हाती पडली 'खरंच फायनल'. बरोबर होती 'हीच घ्या'. शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच झाली आणि पहिल्याच दिवशी मुख्याध्यापक तिला अडखळून पडले.

मग साहेबांनी तिला बोलावून सांगितलं की सगळ्या फायली एकाच जागी आण, आणि कुणी काय उघडायचं, कुणी कशात बदल करायचे, हे एकदा ठरवून टाक.

ती म्हणजे ऑफिसची संगणक सांभाळणारी बाई. सहा वर्षं तिथंच होती. छपाईयंत्र अडलं तर ती, पासवर्ड विसरला तर ती, माउस चालेना तरी ती. घरी दीड वर्षांची मुलगी होती, तिला पाळणाघरातून घ्यायचं म्हणून ती चारच्या ठोक्याला निघायची आणि त्याबद्दल कुणी तिला कधी बोललं नव्हतं. तिच्या टेबलाच्या खणात पिल्लूसाठी बिस्किटांचा पुडा असायचा. तोही कुणी कधी उघडला नव्हता.

तीन आठवडे ती त्या कामात बुडाली. कोठीच्या खोलीत, कागदांच्या गुंडाळ्यांच्या मागं, तिनं सर्व्हरची पेटी बसवली. ती भाकरीच्या डब्याएवढीच होती, पण सगळ्या ऑफिसची अक्कल आता तिच्यात राहणार होती. तिनं त्रेचाळीस फोल्डर केले. नकाशांचे, करारांचे, पत्रांचे, पगाराचा एक, आणि प्रत्येकाला ज्याचा त्याचा खाजगी. मग एका मोठ्या कागदावर चौकटी आखून कुणाला कुठे प्रवेश ते लिहिलं. कुणी नुसतं वाचायचं, कुणी लिहायचं, कुणी दारातसुद्धा यायचं नाही. माणसं येऊन त्या कागदात डोकावून जात. वीस वर्षं तिथं रेघा मारणारे नकाशेकाका तिला 'किल्लीवाली' म्हणू लागले. "आमच्या घरात एवढी कुलपं असती तर मी सुखानं नांदलो असतो," असं म्हणून ते चहाला गेले.

या कामात शेवटची एक गोष्ट असते. कुलपं लागलीत की नाही ते बघायचं, तर ज्याला आत जायची मुभा नाही अशा माणसानं प्रत्येक दार ढकलून बघावं लागतं. म्हणून एक खोटा माणूस तयार करतात. त्याचं नाव यादीत असतं, त्याला पासवर्ड असतो, पण हक्क कुठलाच नसतो. त्याच्या नावानं एकेक फोल्डर उघडायला जायचं. प्रत्येक ठिकाणी 'प्रवेश नाकारला' असं आलं की काम चोख. त्या बिचाऱ्याचा जन्मच नकार घेण्यासाठी.

लोक अशा वेळी 'टेस्ट' वगैरे काहीतरी नाव देतात. तीही देणार होती. पण त्या दिवशी दुपारी तिला एक फोन आला होता, पावणेचार वाजून गेले होते, आणि नाव विचारणाऱ्या त्या रिकाम्या चौकटीत तिच्या बोटांनी आपलं आपणच लिहिलं: ठकी.

खोडावं असं एकदा मनात आलं. घड्याळाकडं बघितलं, आणि तिनं तसंच पुढं ढकललं. ठकीनं त्रेचाळीस दारं ढकलली. त्रेचाळीस नकार आले. ती पर्स उचलून पाळणाघराकडं पळाली.

*

ठकी तिची धाकटी बहीण.

ऑफिसात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, आणि जी माहीत होती ती खोटी होती.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात चहाच्या वेळी ऑफिसची सगळी व्यवस्था बघणाऱ्या मोठ्या बाईंनी सहज विचारलं होतं, भावंडं किती गं तुला? तिच्या आईला जाऊन तेव्हा पुरता महिना झाला नव्हता. ठकीला संस्थेत सोडून आल्याला चार दिवस झाले होते. हातातला कप खाली ठेवता ठेवता तिच्या तोंडून निघून गेलं, "एक बहीण होती. लहानपणीच गेली."

मोठ्या बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तिचा हात हातात घेतला. इतक्या मायेनं गेल्या महिन्याभरात तिला कुणी हात लावला नव्हता. ते वाक्य मागं घ्यायचा तोच एक क्षण होता, आणि तो त्या हातातल्या उबेत निसटला.

पुढं खोट्याला अंग फुटत गेलं. किती वर्षांची होती? नऊ. कशानं गेली? तापानं. कुणी फार विचारायचं नाही, पण कधी पावसाळी दुपारी विषय निघायचा, आणि काहीतरी सांगावंच लागायचं. मग तिनं पिवळा फ्रॉक सांगितला, पुढं मोठा खिसा असलेला. आणि एक गोष्ट खरी सांगितली, कारण ती तशी दुसऱ्या कुणाची असूच शकत नव्हती. रोज चारच्या सुमारास ठकी घरातल्या एकेका दाराची मूठ फिरवून बघायची. तीनदा. पुढच्या दाराशी जायची, पुन्हा तीनदा. सगळी दारं उघडतात याची खात्री पटली की मग तिच्या जिवाला चैन पडायची.

खरी ठकी आता सत्तावीस वर्षांची होती. तिच्याहून बोटभर उंच. बोलायची मोजकंच, बाहेरचं जग तिला पेलायचं नाही. आई होती तोवर निभावलं. आई गेल्यावर नवरा सरळ म्हणाला होता की इकडे आणू या, लहान खोली आहे की. तिनंच नको म्हटलं. नवं लग्न, नवी नोकरी, शेजारी नवे. "तिला तिथं माणसं असतील देखरेखीला," असं ती त्याला समजावत राहिली, आणि तो बिचारा समजत राहिला.

संस्था बसनं दोन तासांवर होती. स्वच्छ होती, माणसंही वाईट नव्हती. ठकीला खोलीत बसवून निघताना तिची नजर दारावर गेली. बाहेरून पितळी मूठ होती. आतून गुळगुळीत फळी होती, मूठ बसवायची भोकंसुद्धा नव्हती. ठकी पलंगावरून त्या फळीकडं बघत होती. चार वाजायला आले होते.

तिनं ते पाहिलं. कुणाला काही विचारलं नाही. बस चुकेल म्हणून निघून आली.

त्या दिवशी दुपारी आलेला फोन तिथलाच होता. ठकीची खोली होती ती इमारतीची बाजू पाडायची ठरली होती. महिनाअखेर एकतर ठकीला घरी न्या, नाहीतर दूरच्या मोठ्या संस्थेत पाठवायच्या कागदावर सही करा. दूरची म्हणजे आगगाडीनं दीड दिवस. ती म्हणाली होती, विचार करून सांगते.

विचार काय करायचा होता? घरी आणायचं तर कुणीतरी दुपारी लवकर घरी असायला हवं. म्हणजे ऑफिसात सांगायला हवं. आणि सांगायचं काय, की सहा वर्षं तुम्ही जिच्यासाठी हळहळलात तिला मीच जिवंतपणी मारलं होतं?

*

सर्व्हर सुरू झाला तो सोमवार. ज्याला त्याला आपापला फोल्डर मिळाला, दोघांना नाही मिळाला ते रुसले, दुपारपर्यंत त्यांचीही समजूत पटली. पेनड्राइव्ह मोठ्या बाईंनी एका डब्यात जमा करून घेतले.

मंगळवारी सकाळी तिनं लॉग उघडला. लॉग म्हणजे पेटीची स्वतःची वही. कोण कधी कुठल्या संगणकावरून कुठल्या फोल्डरशी आलं, आत गेलं की परत फिरलं, ते सगळं त्यात ओळीनं पडत असतं. नकारांच्या बाजूला तिला पाच-सहा ओळी अपेक्षित होत्या. एकशे एकोणतीस होत्या.

सगळ्या एकाच नावाच्या. ठकी. काल संध्याकाळी चार वाजून दहा मिनिटांपासून पुढं. पहिला फोल्डर, नकार, नकार, नकार. दुसरा फोल्डर, पुन्हा तीनदा. असे त्रेचाळीस.

तिला आधी रागच आला. कुणीतरी थट्टा करतंय. चाचणीचं नाव काढायला विसरल्याबद्दल स्वतःचाही राग आला. शिकाऊ माणसानं करावी अशी चूक होती. मग संगणकाचा रकाना बघितला. सगळे नकार तिच्याच टेबलावरच्या संगणकाला मिळाले होते. आणि तो बंद करून ती चारलाच निघाली होती.

तिनं ठकीचं नाव यादीतून काढून टाकलं. 'कायमचं काढायचं?' असं यंत्रानं विचारलं. ती क्षणभर थांबली, मग हो म्हणाली.

बुधवारी सकाळी एकशे एकोणतीस ओळी.

यात नवल काही नव्हतं, असं तिनं स्वतःला समजावलं. नाव यादीत नसलं तरी येणारा जे नाव सांगतो ते पेटी टिपून ठेवते. म्हणजे तिच्या संगणकातच कुठंतरी तो पासवर्ड अडकला असणार आणि एखादा प्रोग्रॅम वेळ झाली की आपोआप धडका देत असणार. तिनं संगणक पुसून नव्यानं भरला. जाताना बटण बंद केलं, वायर भिंतीतून काढली, गुंडाळून खणात ठेवली.

गुरुवारी वायर खणात तशीच होती. ओळी एकशे एकोणतीस.

आणखी एक बारीकशी गोष्ट होती, तिला नीट नाव देता येत नव्हतं. तिची खुर्ची रोज सकाळी अगदी खाली केलेली असायची, पाय लहान असलेल्या माणसाला टेकतील इतकी. काचेच्या दारावर, मुठीच्या बरंच खाली, बोटांचे ओलसर ठसे दिसायचे. पुसणारी बाई म्हणायची की मी रोज संध्याकाळी पुसून जाते. आणि खणातल्या पुड्यातून रोज एक बिस्किट कमी व्हायचं. एकच. पुड्याचा कागद मात्र पुन्हा नीट दुमडलेला.

ऑफिसातली माणसंही तिच्याशी जरा जास्तच हळुवार वागायला लागली होती. नकाशेकाकांनी किल्लीवाली म्हणणं सोडलं. तिनं त्यांना विचारलं की मी गेल्यावर माझ्या टेबलाशी कुणी बसतं का? काका रेघ मारता मारता थांबले. पेन्सिल कानामागं अडकवली आणि म्हणाले, "बसलं तर तुझं काय बिघडतंय? बसू दे की."

तिला वाटलं, सगळे मिळून काहीतरी लपवतायत. तिला एवढंच वाटत राहिलं की त्यांना कळलंय. संस्थेचा फोन इथं आला असेल, कुणीतरी उचलला असेल. मानेपासून कानापर्यंत तिला ऊन लागल्यासारखं झालं. त्या दिवशी ती चहाला उठली नाही.

*

शुक्रवारी पिल्लूला आणायला नवरा गेला आणि ती चारनंतर थांबली.

संगणक लावला, लॉग समोर उघडा ठेवला. हात मांडीवर ठेवून बसली. खोलीत दहा-बारा माणसं होती. छपाईयंत्र कागद ओढत होतं. कुणीतरी खोडरबराचा भुगा फुंकला.

चार वाजून नऊ मिनिटं.

काचेच्या दाराच्या दिशेनं नकाशेकाकांनी मान वर केली. मग मोठ्या बाईंनी. मग एकेक करून सगळ्यांनी. दारात कुणी नव्हतं. माणसं ओळखीच्या माणसाला बघून मान खाली घालतात तशा सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि सगळी पुन्हा कामाला लागली.

मोठ्या बाई उठल्या, काचेचं दार थोडं लोटून उघडं ठेवलं आणि जागेवर जाऊन बसल्या.

चार दहा.

पहिली ओळ पडली. ठकी. नकार.

दुसरी. तिसरी.

तिचे हात मांडीवर होते. कळफलक एक वीत लांब होता.

पुढचा फोल्डर. तीन. पुढचा. तीन.

घाई नव्हती त्यात. प्रत्येक तिसऱ्या ओळीनंतर एक थांबा येत होता, एका दारापासून पुढच्या दारापर्यंत चालत जायला लागेल एवढा.

तो थांबा तिला ओळखीचा होता. लहानपणी अभ्यासाला बसली की मागून ऐकू यायचा. अनवाणी पावलं, मग मूठ, मूठ, मूठ. आई म्हणायची, करू दे तिला, तू लक्ष देऊ नकोस.

शेवटचा फोल्डर तिचा स्वतःचा होता. त्यात पिल्लूचे फोटो होते आणि नोकरीच्या वेळी भरलेल्या अर्जाची प्रत. त्या अर्जात भावंडांच्या रकान्यात तिच्या अक्षरात एक शब्द होता: 'नाही'.

नकार.

नकार.

तिसऱ्या वेळी थांबा फार लांबला. तिच्या मानेशी गार हवा आली, बिस्किटाचा गोड वास असलेली.

नकार.

तिनं संगणक बंद केला. उठताना खुर्ची मागं कशाला तरी टेकली, हलकेच, आणि ते काहीतरी बाजूला झालं. ती मागं न बघता निघाली. मोठ्या बाई दारापर्यंत आल्या आणि त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

त्या रात्री तिनं नवऱ्याला सांगितलं की उद्या ठकीला आणायला जाऊ. त्यानं का म्हणून विचारलं नाही. लहान खोलीतल्या वस्तू बाहेर काढायला लागला.

*

ठकी पलंगावर बसली होती. केस कापले होते. तिनं बहिणीकडं बघितलं, मग बहिणीच्या कडेवरच्या मुलीकडं, मग पुन्हा बहिणीकडं. "ताई," म्हणाली. सहा वर्षांनी भेटल्याचा काही गाजावाजा नाही. सकाळीच भेटली असावी तशी.

तिथं ठकीला बघणाऱ्या मावशी बॅग भरत होत्या. तिनं धीर करून विचारलं की दुपारी चारला ही अजून दारं बघते का?

"दारं?" मावशी म्हणाल्या. "नाही हो. आली तेव्हा पहिले दोन महिने त्या फळीवर हात फिरवत बसायची. मग सुटली सवय. मूठच नाही तर फिरवणार काय?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. ती बॅगेचा पट्टा लावत खाली बघत राहिली. पट्टा लागेना.

घरी आल्यावर कळलं की सवय सुटली म्हणजे किती सुटली. दार सताड उघडं असलं तरी ठकी उंबऱ्याशी येऊन थांबायची. कुणीतरी 'चल' म्हटल्याशिवाय पुढं पाऊल टाकायची नाही. मुठींना तर बघायचीही नाही. पिल्लू तिच्या साडीचं टोक धरून ओढायची आणि ठकी विचारल्यासारखं ताईकडं बघायची, जाऊ का? स्वतःच्या बहिणीच्या घरात. रविवारी रात्री भांडी घासताना तिला रडू आलं. नळ मोठा सोडून तिनं ते आटोपलं.

पण मनात कुठंतरी एक गाठ सैल झाली होती. ठकी घरी आली. जी हाका मारत होती तिला आत घेतलं. आता ते थांबेल.

सोमवारी सकाळी तिनं लॉग उघडला. ऑफिस बंद होतं त्या दोन्ही दिवशी, शनिवारी आणि रविवारी, चार वाजून दहा मिनिटांनी, एकशे एकोणतीस आणि एकशे एकोणतीस.

शनिवारी त्या वेळी ठकी बसमध्ये तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. तिच्या श्वासाचा ओलावा अजून ब्लाउजला आठवत होता.

या दोन्हींचा मेळ घालायचा तिनं प्रयत्न केला. मग विचार करायचं सोडून दिलं, कारण जे करायचं होतं त्याला त्या ओळींची गरज नव्हती. चार वाजता ती मोठ्या बाईंच्या टेबलाशी गेली. त्यांनी स्टूल पुढं केलं. त्यावर न बसता उभ्याउभ्याच तिनं सांगितलं.

मधे थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं. मला आता रोज तीनला निघावं लागेल. घरी माझी बहीण आहे. तीच, ठकी. ती गेली नाही. कधीच गेली नव्हती. ताप आला नव्हता, पिवळा फ्रॉक नव्हता. मी तिला एका खोलीत ठेवून आले होते आणि मला लाज वाटत होती, आधी तिची, मग माझी. तुम्ही माझा हात धरलात म्हणून मला खरं बोलता आलं नाही. नऊ वर्षांची मुलगी मी बनवून सांगितली, बाई. ती कधी नव्हतीच.

खोलीतल्या पेन्सिली थांबल्या होत्या. कुणी वर बघत नव्हतं.

ती बोलणी खायला तयार होती. बाई रागावल्या असत्या, तोंड फिरवलं असतं, तर तिला हलकं वाटलं असतं. पण मोठ्या बाई तिच्याकडं बघतच नव्हत्या. त्यांची नजर तिच्या डाव्या हाताच्या थोडी बाजूला होती, टेबलाच्या कडेच्या उंचीवर. रडवेल्या मुलाच्या तोंडाकडं बघावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"तू मनाला लावून घेऊ नकोस गं," त्या हळूच म्हणाल्या. तिला नव्हे.

मग पदराच्या टोकानं त्यांनी हवेत, त्या उंचीवर, काहीतरी टिपलं.

नकाशेकाका उठून बाहेर गेले.

तिनं डावा हात हलवला नाही. आपल्या जागेशी परत येऊन लॉग उघडला. चार दहा झाले. चार अकरा. चार वीस. त्या दिवशी एकही ओळ पडली नाही. पेटी गप्प होती. तिनं भावंडांचा रकाना दुरुस्त केला, संगणक बंद केला, आणि कित्येक दिवसांनी सावकाश जिना उतरली.

पाळणाघरातून पिल्लूला घेतलं. ती खांद्यावरून मागं बघत, हातातलं अर्धं बिस्किट कुणाला तरी पुढं करत, सारा रस्ता बडबडत होती. मुलं करतात तसं. घराच्या दाराशी आल्यावर तिनं किल्लीसाठी पर्समध्ये हात घातला.

मूठ आतून फिरली. एकदा, दोनदा, तीनदा.

ठकीनं दार उघडलं. स्वतःहून, कुणी सांगितल्याशिवाय. आतून नवरा कौतुकानं बघत होता. ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती आत आली, चपला काढल्या, पिल्लूला खाली सोडलं.

ठकी दार धरून उभीच होती. कुणाला तरी वाट करून द्यायला भिंतीला चिकटून, नजर कमरेएवढ्या उंचीवर लावून. मग तिनं 'चल' म्हटलं, आणि एका लहान पोरीला आत यायला लागेल तेवढा वेळ थांबून दार अलगद लावून घेतलं.